लॅब जळाली, रिपोर्ट पोहोचला

माझ्या बायकोची, संध्याची गोष्ट सांगतो, ऐका. रिसालीत तिची रक्त तपासायची लॅब आहे, तुमाले माहीतच आहे. दर महिन्याला एकदा ती मुद्दाम चांगला चालू सर्व्हर बंद करायची अन् क्लाउडवरच्या कॉपीवर सारं काम चालवून पाहायची.

मी चिडायचो. "कावून उगाच खेळ करतेस?"

"खरंच बंद पडल्यावर शिकू का मग?"

एका दुपारी शॉर्ट सर्किट झालं. सर्व्हर जळाला, लॅबभर धूर. संध्या लॅपटॉप तेवढा उचलून बाहेर आली, आम्ही सगळे रस्त्यावर. तेवढ्यात दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन.

"मॅडम, सकाळच्या पेशंटचा रिपोर्ट पाठवा. सिझेरियन करायचं आहे, रक्त किती मागवायचं ते त्यावरच ठरंल."

मी म्हटलं, "त्याइले सांग ना, आग लागली म्हणून."

"आग आपल्याकडे लागली. त्या बाईनं कावून थांबायचं?"

ती समोरच्या चहाच्या टपरीवर बसली, माझ्या मोबाइलचं नेट घेतलं अन् क्लाउडवरची कॉपी सुरू केली. सकाळचे सगळे रिपोर्ट जसेच्या तसे तिथं होते. आमचा चहा उकळायच्या आत रिपोर्ट गेला.

संध्याकाळी पुन्हा डॉक्टरांचा फोन आला. संध्या अजून टपरीवरच बाकीचे रिपोर्ट पाठवत होती.

"मुलगी झाली मॅडम, दोघी मजेत आहेत. पण तुमच्या लॅबमध्ये हे ट्रकचे हॉर्न कावून वाजून राहिले?"

"काही नाही सर," संध्या म्हणाली, "आज जरा हवेशीर जागी बसलो आहो."