पुन्हा विचारतील

मला चहा घेतो का म्हणून विचारू नका रे, सरळ ओता. ह्या विचारण्यापायी माझी जर्मनी गेली.

कंपनीनं सहा महिन्यांसाठी तिकडं पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी तिथल्या मॅनेजरनं विचारलं, "कॉफी?" मी म्हणलं, "नको, राहू द्या." आपल्या मुखेडात ह्याचा अर्थ, अजून दोनदा विचारा. त्यानं कप उचलला अन् कपाटात ठेवून दिला. तेव्हाच शहाणं व्हायला पाहिजे होतं.

शेवटच्या आठवड्यात त्यानं बोलावून घेतलं. "एक जागा आहे, कायमची. बायको-लेकरांनाही आणता येईल. राहणार का?"

मनात तर मी कधीच हो म्हणून बसलो होतो. पण तोंडातून काय निघालं? "न्हाई हो, कशाला उगं तुम्हाला तरास."

तो म्हणला, "स्पष्ट सांगितलंत, आभार." हात मिळवला. मी दारात बुटाची नाडी बांधत उगंच थांबलो, आता हाक मारंल, मग मारंल. सोमवारी ती जागा माझ्या शेजारी बसणाऱ्या कोइम्बतूरच्या माणसाला मिळाली. तो प्रश्न संपायच्या आधीच हो म्हणला होता.

घरी येऊन वडलांना सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालतील. ते म्हणले, "बराबर केलास. एका झटक्यात हो म्हणणं शोभतं का? चांगली माणसं असतील तर पुन्हा विचारतील."

तीन वर्षं झाली. माझा फोन वाजला की वडील अजून टीव्हीचा आवाज कमी करतात.