वर्दीची वाढीव चार वर्षं

आधी आजच्या जेवणाचा हिशेब सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मन मोकळं. भाजलेलं डुक्कर चेओभाऊजींकडून आलं, एकशे ऐंशी डॉलर. तुरीच्या दाण्यांचा भात घरचा, सामानाचे बावीस. केक पस्तीसचा, नाव चुकीचं लिहून आलं म्हणून पाच परत घेतले. कॉफी फादरांच्या बागेतली, देवाच्या कृपेनं फुकट.

आता रीतसर. आदरणीय अध्यक्ष फादर मारिआनो, व्यासपीठावरचे आपल्याच गावचे कॅप्टन इरिसारी, आणि उतुआदो गावच्या या चर्चच्या हॉलात दाटीनं बसलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो,

माझी लेक नेरेइडा नर्स झाली. उद्या ती व्हिएकेस बेटावरच्या दवाखान्यात रुजू होणार. तिचं शिक्षण कसं झालं, ते मी सांगावं असा फादरांचा हुकूम आहे.

चार वर्षांपूर्वी आमचे एफ्राइन सोळा वर्षांची फौज संपवून रजेवर घरी आले. कागदोपत्री सुटायला थोडेच दिवस उरले होते. अंगणात चुलीवर सळईला लावलेलं डुक्कर फिरत होतं, सगळं गाव जमलेलं. कॅप्टनसाहेबांनी सहज विचारलं, "एफ्राइन, फौज फी भरते तो शिक्षणाचा हक्क पोरीच्या नावावर केलास ना?"

"करीन निवांत, साहेब. एकदा सुटलो की तेच काम."

"सुटल्यावर नाही होत रे! अंगात वर्दी असताना करायचं. वर आणखी चार वर्षं द्यावी लागतात."

कॉलेजला प्रवेश मिळालेला, फी भरायची ऐपत नाही. हा हक्क नसता तर काय होतं आमच्याजवळ?

नेरेइडा म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी या. मी होते भरती. फौज माझीही फी भरेल."

"गप्प बस! उंदीर दिसला की खुर्चीवर चढतेस!" एफ्राइन ओरडले. मग माझ्याकडे वळले. "आणखी चार, एनेइडा?"

सोळा वर्षं या माणसासाठी मी रोज जपमाळ ओढली होती. म्हटलं, "पोरीनं बंदूक धरण्यापेक्षा तुम्ही उशिरा या."

पुढच्या चार वर्षांची शपथ द्यायला कॅप्टनसाहेब घरी जाऊन वर्दी चढवून आले. शाळेतून झेंडा आणला. कागद नंतर छावणीत झाले. शपथ मात्र तिथेच, चुलीपाशी. एफ्राइननी उजवा हात वर केला, तर डुकराची चरबी कोपरापर्यंत ओघळत होती! चेओभाऊजी म्हणाले, "अरे, मग हे जेवण स्वागताचं की निरोपाचं? तसं मीठ घालतो!" रडता रडता हसलो सगळे.

माणसांनो, फौजेनं फी भरली, खोलीभाडं भरलं, पुस्तकंसुद्धा दिली. पण नेरेइडानं एकही विषय मागे ठेवला नाही, ते कुणाच्या हक्कात बसत नव्हतं! ते तिचं स्वतःचं. आणि गेल्या महिन्यात एफ्राइन वीस वर्षं पुरी करून, पेन्शन घेऊन, धडधाकट घरी आले. बघा, पहिल्या रांगेत बसलेत. देवानं माझ्या दोन्ही मागण्या मान्य केल्या. वाजवा टाळ्या!

आपण सगळे आलात, उपकार झाले. मी शाळेपुरती शिकलेली. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर चूक पदरात घ्या.

आणि नेरेइडा, फोन नको, त्यात तू नुसतं "बरं आहे" म्हणतेस. बाबा परदेशातून तुझ्या प्रत्येक परीक्षेचं पत्रानं विचारायचे. आता ते घरी आहेत, पत्र तू लिहायचं. तुझ्या हातचा पहिला रोगी बरा होऊन घरी गेला, की लगेच पत्रानं कळव.