चौथ्या चाकाची काजळी

मला गाडी चालवता येत नाय, हे आधीच सांगते, म्हणजे मध्येच कुणी विचारायला नको. तर काय झालं, जावयाने जुनी गाडी विकत घेतली आणि दाखवायला आमच्याकडे धसईला आणली. दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीला, वनिताला, घेऊन मालशेज घाटातून जायचा बेत होता. दारात गाडी आली की आमी चारी चाकांवर पाणी घालून कुंकू लावतो. मी पाणी घातलं, फडकं फिरवलं, तीन चाकं लगेच उजळली. पुढच्या डाव्या चाकाची काजळी काही सुटेना.

"जावईबापू, हे एकच चाक एवढं काळं कसं?"

"ब्रेकची धूळ आहे ती, आई. सगळ्याच चाकांवर बसते."

"मग बाकीच्या तिघांनी काय उपास धरलाय?"

वनिता कुजबुजली, "आई, पुरे गो! त्यांना काय वाटंल?"

"वाटू दे. गॅरेजात दाखवल्याशिवाय माझी लेक या गाडीत बसायची नाय."

जावई फुगून मुरबाडला गेला. मेकॅनिकने गाडी जॅकवर घेतली, तर ते चाक हाताने फिरेना. "दादा, ब्रेक आवळूनच बसलाय," तो म्हणाला. "घाटात तापला असता, तर ऐन उतारावर लागला नसता."

आता अंगणात गाडी थांबली की जावई चहापाणी मागत नाय, खिडकीतूनच ओरडतो, "आई, चाकं बघून घ्या!"

"बघते," मी म्हणते, "पण आधी माझ्या लेकीला खाली तर उतरू द्या."