पेन्सिलीने लिहिलेल्या कार्यक्रमपत्रिका

हवानात नाट्यगृहाच्या तिकिटांसाठी आम्ही रांग न लावता पायऱ्यांवर सावली बघून बसलो होतो. एक म्हातारी आली आणि माझ्या शेजारच्या मुलीपाशी थांबली.

“शेवटचं कोण?”

“मी, मावशी. माझ्यामागे तुम्ही.”

“समोर बघून बोल, पोरी. मला ऐकू येत नाही, मी ओठ वाचते.”

“अहो, पण आज गाण्यांचं नाटक आहे!”

“ठाऊक आहे. माझा नवरा, एवेलिओ, एकही चुकवायचा नाही. घरी आला की कार्यक्रमपत्रिका माझ्या हातात द्यायचा. मागे पेन्सिलीने सगळं लिहिलेलं. सूर कुठे लागला, कुठे घसरला, कोण खोकलं, कोण रडलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! एकेचाळीस वर्षांच्या पत्रिका पलंगाखाली डब्यांत आहेत.”

“आज नाही आले ते?”

“मार्चमध्ये गेला.”

“अरेरे. मग दारावरच्या माणसाकडून नुसती पत्रिका मागून घ्या ना, मावशी.”

“तशी चालत नाही. पडदा पडेपर्यंत बसल्याशिवाय पत्रिका डब्यात जायची नाही, हा त्याचा नियम. म्हणून मी बसणार. तू माझ्या शेजारी बस. ही घे पेन्सिल.”

“मला गाण्यातलं काही कळत नाही हो.”

“त्याला तरी कुठे कळायचं? गाण्याचं वेड माझं होतं. माझे कान गेले, तेव्हा तो ऐकायला शिकला.”