वझीरने उचललेला सूर

(अल्जीयर्स शहर, बाब अल-वेद वस्तीतलं तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. सकाळचे अकरा. वसीला आणि तिचे सासरे लख्दर.)

वसीला: नाही हो बाबा, बाळाच्या श्वासावर नजर ठेवणारं यंत्र गप्प होतं! डोळ्यांनी बघितलं मी. भाकरीचा रवा मळत होते, तशाच बरबटलेल्या हातांनी धावले. तर सिरीन गाढ झोपलेली. पायातला यंत्राचा मोजा जागच्या जागी, खोक्यावरचा दिवा हिरवा. आणि आवाज आपला चालूच. टिट-टिट-टीऽ, टिट-टिट-टीऽ.

लख्दर: मग येत कुठून होता?

वसीला: तुमच्या पिंजऱ्यातून.

लख्दर: कुठल्या? उस्तादच्या?

वसीला: छोट्याच्या. वझीरच्या.

लख्दर: भलतंच काहीतरी. गाणारा मकनीन पक्षी आहे तो, पोरी, दारावरची घंटा नव्हे. अंड्यातून बाहेर आल्यापासून चार महिने उस्तादच्या शेजारी टांगलाय, त्या म्हाताऱ्या पाखराचं गाणं शिकायला. दुसरं काही कानावर पडू नये म्हणून खिडकी बंद. चिमण्या नकोत म्हणून गॅलरीत पावाचा चुरा टाकत नाही मी.

वसीला: आणि मी दुपटी घरात वाळवते, दोरीची कप्पी करकरते म्हणून. माहितेय मला. पण चोच वर करून, गळा फुगवून तोच गात होता. थांबा... ऐका. ऐकलंत? बाबा?

लख्दर: बोलू नकोस. पुन्हा गाऊ दे.

वसीला: टेका आधी खुर्चीत. कॉफी आणते. नारंगीच्या फुलांचं पाणी घालू ना?

लख्दर: घाल काही. पहिली तीन वळणं बघ कशी घेतली, अगदी उस्तादच. चौथ्याला मान तिरकी केली, मला वाटलं आता... आणि तिथेच दुधात मिठाचा खडा. गेला हा पोरगा.

वसीला: विसरेल की हळूहळू.

लख्दर: पहिली पिसं झडून नवी येईपर्यंत यांचे कान उघडे असतात. एकदा नवी पिसं आली की कवाड बंद. आत गेलं ते गेलं. वसंतात अम्मारच्या कॉफीखान्यात गाण्याच्या चढाओढीला सगळ्यांचे पिंजरे लागतील, लोक श्वास रोखून बसतील, आणि हा टिट-टिट करील. सगळे खिशातले फोन चाचपतील.

वसीला: ... माफ करा. हसू नये.

लख्दर: हस, हस. अम्मार तर खुर्चीतून पडेल. त्याचा मुलगा फोन लावून पाखरांना गाणं शिकवतो, त्याला मी भर कॉफीखान्यात बोललो होतो. म्हटलं, फोनवरचं गाणं म्हणजे डब्यातली मासळी, पोट भरतं पण समुद्र कळत नाही. आता मलाच डबा दाखवतील.

वसीला: पण बाबा, मला हसून चालणार नाही ना. उद्या तो आवाज आला की मी काय समजायचं? पाखरू, की माझं लेकरू?

लख्दर: मग तो मोजा काढ.

वसीला: मोजा निघणार नाही. पिंजरा हलवा.

लख्दर: कुठे हलवू? न्हाणीघरात? दमटपणाने मरेल.

वसीला: अम्मारचाचांकडे द्या.

लख्दर: त्याच्याकडे चार पिल्लं शिकतायत. बिघडलेलं पाखरू त्यांच्यात नेऊन सोडू? एवढा मी नीच नाही. त्यापेक्षा ते खोकं बंद कर. दीड वीत पोर, आणि तिच्या पायाला यंत्र! आम्ही नाही वाढवली मुलं?

वसीला: वाढवलीत. सगळी पूर्ण दिवसांची. सिरीन सात आठवडे आधी आली, बाबा. तुम्ही काचेबाहेर होतात, मी आत होते. माझ्या समोर ती निळी पडली. नर्सने तळपायाला टिचकी मारली तेव्हा कुठे श्वास घेतला. तुम्हाला पाखरू गेल्याचं दुःख आहे, मला कळतं. पण मला ती टिचकी अजून ऐकू येते.

लख्दर: डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, आता धोका नाही, यंत्राची गरज नाही?

वसीला: म्हणाल्या. त्यांच्या घरी थोडीच झोपते ती.

लख्दर: बरं. ... एक विचारू? रागावू नकोस.

वसीला: विचारा.

लख्दर: वझीरला हा सूर आला कसा?

वसीला: मध्ये एकच तर भिंत आहे.

लख्दर: भिंतीचं नाही म्हणत मी. खालचा सार्डिन मासळीवाला रोज एकदा आरोळी मारतो, ती नाही आली याला. शेजारणीचा मिक्सर नाही आला. एकदा-दोनदा कानावर पडलेलं पाखरू उचलत नसतं. उस्तादचं एक वळण याच्या गळ्यात बसायला तीन आठवडे लागले. आणि तू तर म्हणतेस, यंत्र कधीतरी वाजतं.

वसीला: कधीतरीच वाजतं.

लख्दर: मी सकाळभर कॉफीखान्यात असतो, संध्याकाळी धक्क्यावर. तेव्हा किती वाजतं?

वसीला: मोजा सरकला की वाजतं. पाय गार पडला की वाजतं. तिने लाथ झाडली तरी.

लख्दर: किती वेळा, पोरी?

वसीला: काल अकरा. परवा... चौदा.

लख्दर: माझ्या लेकाला, यानीसला ठाऊक आहे?

वसीला: त्याच्या फोनवर दिसायचं. मीच बंद केलं ते. चार चार आठवडे तो तिकडे वाळवंटात तेलाच्या विहिरीवर, तिथून काय करणार? नुसता जीव टांगणीला लावून बसायचा. एकाने लावलाय तेवढा पुरे.

लख्दर: आणि त्यातलं खरं किती वेळा निघालं?

वसीला: एकदाही नाही. दोन महिन्यांत एकदासुद्धा नाही. दर वेळी धावते, दर वेळी ती आपली झोपलेली. मग वाटतं, आता झालं, आता शांत बसायचं. आणि पुन्हा वाजलं की वाटतं, सगळ्या वेळा खोट्या गेल्या, म्हणजे ही खरी असणार.

लख्दर: झोपतेस कधी?

वसीला: झोपते की.

लख्दर: कुठे? उभ्यानं?

वसीला: मघाशी रवा मळता मळता लागला होता डोळा. म्हणून तर एवढी दचकले.

लख्दर: हम्म. ... मघाशी मोजा काढ म्हणालो, ते पाखराच्या पायी म्हणालो. चुकलं माझं.

वसीला: असं नका म्हणू, बाबा.

लख्दर: मोजा राहू दे. खोकं मला दे, आणि तुझा फोनही. मी तिच्याजवळ खुर्ची टाकून बसतो. वाजलं तर मी बघीन. तू माझ्या खोलीत जाऊन आडवी हो.

वसीला: तुम्हाला जायचंय ना कॉफीखान्यात?

लख्दर: आज? कुठल्या तोंडाने?

वसीला: तुम्हाला नाही कळायचं तिचं. तिचा श्वास फार हलका असतो.

लख्दर: तेवीस कपांचा खडखडाट चालू असतो तिथे, आणि त्यात कुठलं पाखरू धाप घेतंय ते मी न बघता सांगतो. एवढ्याशा छातीचं ऐकायची सवय आहे मला. माझं सगळं आयुष्य त्यातच गेलंय, तुझी सासू तर शेवटपर्यंत त्यावरून भांडली.

वसीला: पोटाकडे बघायचं हं, छातीकडे नाही. मधेच थांबते ती. चारपर्यंत मोजायचं, मग घेते. पाचपर्यंत नाही घेतला तर मला हाक मारायची.

लख्दर: मारीन.

वसीला: आणि वझीर?

लख्दर: राहील इथेच. गाण्यासाठी नाही तर नाही. घरचा आहे. त्याच्यावर कापड टाकतो आता, म्हणजे गप्प बसेल. जा.

वसीला: दार लोटू नका. मला इथून दिसलं पाहिजे.

लख्दर: उघडं आहे.

वसीला: बाबा, घेतेय ना श्वास?

लख्दर: घेतेय.

वसीला: मला ऐकू येईल असं मोजाल? थोडा वेळच.

लख्दर: मोजतो. एक... दोन... तीन...

वसीला: एवढ्या भराभर नाही घेत ती.

लख्दर: ती घेते तसंच मोजतोय, बाई. तू डोळे मीट. सात... आठ... हां, थांबली... घेतला. नऊ...

वसीला: अर्ध्या तासाने उठवा.

लख्दर: उठवतो. चौदा... पंधरा... पोरी, हिचा मोजा जरासा सैल झालाय. मी बसवू, का तू येतेस? ... वसीला? ... सोळा... सतरा...