दारांखालची भुकटी

मुलगी: आता काय झालं, बाबा? दोन दालनं नीट बघितलीत, आणि तिसऱ्याच्या उंबऱ्याशी येऊन का थांबलात?

वडील: पुष्कळ झालं बघून. चल, बाहेर बाकावर बसू जरा.

मुलगी: बाकावर बसायला मी रजा काढलेली नाही. या इमारतीचं छत करून तुम्हाला अकरा वर्षं झाली. घरापासून दहा मिनिटांवर बाग, बागेत ही प्रदर्शनाची इमारत, आत जायला तिकीटसुद्धा नाही. आणि तुम्ही फिरायला निघालात की नेमकी ही बाजू टाळून, वळसा घालून जाता. मला काय कळत नाही का?

वडील: फुकट आहे म्हणून कुठेही शिरायचं असतं का?

मुलगी: कुठेही नाही हो, जिथे आपलं नाव लिहिलंय तिथे. बाहेर दाराशी पाटी आहे, ‘या वास्तूच्या दुरुस्तीला ज्यांचे हात लागले’, आणि खाली सहा नावं. वरून तिसरं तुमचं. मघाशी मी बोट ठेवून दाखवत होते आणि तुम्ही चष्मा पुसत बसलात.

वडील: धूळ होती चष्म्यावर.

बाई: या की काका आत, संकोच करू नका. मी इथली राखणदार. फोटो काढा, पाहिजे तेवढं थांबा. फक्त दारांना हात लावू नका, आणि त्या भुकटीच्या ढिगाला बाजूनं जा. दोरी लावलीय बघा भोवती.

मुलगी: बाप रे, किती दारं ही. सगळी छतालाच टांगलीत?

बाई: एक्केचाळीस. पाडलेल्या घरांची आहेत म्हणे. कलाकार स्वतः उभे राहून टांगून गेले, आज नववा दिवस. खालून चालत जायचं आणि वर बघायचं, असं आहे ते. पहिल्या दिवशी मला धडकीच भरली होती. आता सवय झाली. माझी खुर्चीच त्यांच्याखाली आहे ना.

मुलगी: बाबा, बघा तरी वर. तुमच्या छताला केवढा मान मिळालाय.

वडील: जुन्या लाकडाची आहेत का ही सगळी?

बाई: जुनीच. एकेक दार उचलायला दोन-दोन गडी लागत होते.

वडील: आणि ही टांगलीत कशाला? कड्या कशात ठोकल्यात?

बाई: वरच्या तुळयांत. एवढ्या जाड तुळया आहेत, त्यांना काय होतंय, असं म्हणाले.

वडील: कुणी बघितल्या त्या तुळया? आतून कुणी बघितल्या?

मुलगी: बाबा, त्या बाईंवर कशाला डाफरताय?

वडील: डाफरत नाही. बाई, हा ढीग कसला?

बाई: तो कलाकृतीतलाच आहे. म्हणजे असणार. टांगाटांगी झाली तेव्हा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर चिमूटभर दिसला, मग रोज थोडा थोडा वाढत गेला. मी म्हटलं, काहीतरी योजना असेल त्यांची. परवा एक गृहस्थ इथे उभे राहून सांगत होते, ही मोडलेल्या घरांची माती आहे म्हणून. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

मुलगी: तुम्ही कुणाला विचारलं नाही, ही भुकटी येते कुठून?

बाई: ताई, माझी एक चूक होऊन गेलीय. मागच्या प्रदर्शनात कोपऱ्यात वाळका पाला पडला होता, तो मी झाडून टाकला. ती कलाकृती होती. पंधरा दिवस माणूस पानं निवडत बसला होता म्हणे. मला लेखी कागद मिळाला, पुन्हा असं झालं तर घरी. तेव्हापासून खाली पडलेल्या कशालाही हात लावत नाही. उलट दोरी मीच आणून बांधली, कुणाचा पाय पडू नये म्हणून.

मुलगी: बाबा, वाकू नका, कंबर धरेल. अहो, हात काय लावताय?

बाई: काका, नका हो. माझ्या पोटावर येईल.

वडील: हा चुना आहे. यात ताग आहे. हे बघ, दोरे दिसतायत का? बोटभर लांबीचे कापून घातलेत. असा ताग या भागात कुणी घालत नाही. मी घालतो. हा माझा गिलावा आहे.

मुलगी: म्हणजे छताचा?

वडील: चल इथून. आत्ता.

मुलगी: थांबा ना. थोडं प्लास्टर निघालं असेल तर त्यात काय, जुनं झालं. ऑफिसात सांगून जाऊ.

वडील: मी काय म्हणतोय? चल म्हणतोय ना.

बाई: यांचा चेहरा बघा ताई. पांढरा पडलाय. पाणी देऊ का? इथे बसा काका, माझ्या खुर्चीवर.

वडील: त्या खुर्चीवर नको. तुम्हीही बसू नका. इकडे या आधी, उंबऱ्याच्या अलीकडे. या म्हणतो ना.

बाई: आले, आले. काय झालं हो?

वडील: या भुकटीत काच सापडली का कधी? पातळ, पट्टीसारखी?

बाई: हो, तुम्हाला कसं माहीत? काल दोरी सरळ करताना बोटात घुसली. ही बघा पट्टी बांधलीय. मी तो तुकडा पुसून होता तिथे ठेवून दिला परत. म्हटलं, तोही कलाकृतीतला असायचा.

मुलगी: बाबा, छताच्या गिलाव्यात काच कशाला असेल?

वडील: नाही सांगता येणार.

मुलगी: का नाही? माझा हात केवढा घट्ट धरलाय तुम्ही. आता मलाही भीती वाटायला लागलीय, बाबा. नीट सांगा.

वडील: छतात तडा दिसला की आम्ही त्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवतो. दोन्ही टोकं पक्की बसवायची आणि रात्रभर सोडून द्यायची. सकाळी काच अख्खी असेल तर तडा जुना, मेलेला. खुशाल हात फिरवा. काच फुटली असेल तर वर काहीतरी हलतंय.

मुलगी: आणि?

वडील: फुटली होती.

मुलगी: कुठे?

वडील: तिथेच. खिडकीकडच्या तुळईचं टोक भिंतीत जातं ना, त्याच्या खाली. फुटलेली बघून मी वर पेचकस घालून बघितला. मुठीपर्यंत आत गेला. टोक आतून कुजलेलं, ओल्या पावासारखं. बाहेरून काही कळत नव्हतं. परांचीवर मी एकटाच होतो.

मुलगी: मग कुणाला सांगितलंत?

वडील: कुणालाच नाही.

मुलगी: बाबा.

वडील: परांची दुपारी सोडायची होती. दोन दिवसांनी समारंभ. सांगितलं असतं तर छत उघडून तुळई बदलावी लागली असती, दोन महिने गेले असते, आणि ते काम माझ्याकडे राहिलं नसतं. आदल्याच दिवशी ती पाटी आली होती. भिंतीला टेकवून ठेवलेली. मी चारदा जाऊन नाव वाचून आलो होतो. आयुष्यभर लोकांच्या भिंती केल्या, कुणी नाव विचारलं नाही. इथे कोरलेलं होतं. मी काच तशीच ठेवली आणि वरून गिलावा केला. इतका सफाईदार केला, की साहेब लोकांनी मान वर करून वाहवा केली. हे मी तुझ्या आईलाही बोललो नाही. तिला वाटायचं, मला बागेतल्या झाडांच्या फुलोऱ्याचा त्रास होतो, म्हणून मी इकडे येत नाही.

मुलगी: मलाही तसंच सांगितलं होतं तिनं.

वडील: नुसतं छत होतं तोवर तरलं. कुणी त्याला एक्केचाळीस दारं टांगेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

बाई: काका, मग तो आवाज...

वडील: कसला आवाज?

बाई: टक् करून येतो मधूनच. परवापासून. मला वाटायचं, वाऱ्यानं दारं एकमेकांवर आपटतायत.

मुलगी: खिडक्या तर बंद आहेत.

बाई: हो. बंदच असतात. देवा, मी त्याच्याखाली डबा खाते रोज.

वडील: लाकूड बोलतंय ते. तुटायच्या आधी बोलतं. दर कितीनं येतो?

बाई: काल दोनदा आला. आज मी आल्यापासून चार वेळा.

वडील: चार वेळा. ऐकलंस? आता तरी चल. बाहेर गेल्यावर बघू काय करायचं ते.

मुलगी: बाबा, किती वाजले?

वडील: तुला वेळेचं काय सुचतंय?

बाई: अकराला दहा कमी. अकराला शाळेची मुलं यायचीत. सदतीस आहेत म्हणून वहीत लिहिलंय. त्यांना दारांखाली गोल करून बसवायचं आणि चित्रं काढायला लावायची, असं ठरलंय.

मुलगी: चिमीचा वर्ग आहे तो.

वडील: कुणाचा?

मुलगी: आपल्या चिमीचा. म्हणून तर आज आणलं तुम्हाला. तुम्हाला चकित करायचं ठरवलं होतं आम्ही दोघींनी. ती सगळ्या वर्गाला पाटी दाखवणार होती, आणि मग आजोबाच समोर.

वडील: फोन लाव तिच्या बाईंना. पोटात दुखतंय म्हणून सांग, काहीही सांग. चिमीला तेवढं बाहेर थांबव.

मुलगी: आणि बाकीची छत्तीस?

वडील: आधी तिला तर थांबव.

मुलगी: बाबा, मी विचारतेय. बाकीच्या मुलांच्या आयांना मी काय सांगू? रोज शाळेच्या फाटकाशी भेटतात त्या मला.

वडील: मी तसं म्हटलं नाही.

मुलगी: तसंच म्हणालात. आत्ताच.

वडील: हो, म्हणालो. घाबरलोय गं मी. डोकं चालत नाहीये. त्या दिवशीही नव्हतं चाललं. बाई, हे दालन बंद करा.

बाई: मी कशी करू? मला फक्त बसायचा आणि सांगायचा अधिकार आहे, हात लावू नका, पलीकडून जा. दालन बंद करायचं तर साहेबांनी सांगायला हवं. मगाशी फोन केला होता दुसऱ्या कामासाठी, उचलला नाही.

मुलगी: परत करा.

बाई: करते हो, करते. पण सांगू काय? छत पडतंय? मला म्हणतील, तुला पाला कळत नाही आणि छत कळायला लागलं का. दुसरा कागद मिळाला तर संपलंच माझं. घरात दोन तोंडं आहेत खाणारी.

वडील: तुम्ही काही म्हणू नका. मी सांगितलं म्हणून सांगा. ती खुर्ची... नाही, ती राहू दे तिथेच. आत कुणी जायचं नाही. तुमच्या टेबलाजवळचं ते स्टूल आणा, दारात आडवं लावू. मी बसतो त्यावर. म्हाताऱ्याला ओलांडून कोण आत जातंय बघू.

मुलगी: दोरी आणू का ती, ढिगाभोवतीची?

वडील: आत जायचं नाही म्हटलं ना. तुलाही नाही.

(वरून एक कोरडा टक् आवाज. ढिगावर थोडी भुकटी पडते.)

बाई: पाच.

मुलगी: आलेच मी. बाहेर जाऊन शाळेच्या बाईंना थांबवते.

वडील: पळू नकोस. पायांचे हादरे नकोत. हळू जा. आणि चिमीला काय सांगशील?

मुलगी: आजोबा कामावर आहेत म्हणून सांगते.

बाई: लागला, लागला फोन. हॅलो साहेब, मी तिसऱ्या दालनातून बोलतेय. नाही, काही झाडलं नाही मी. साहेब, ऐका ना, ती भुकटी कलाकृतीतली नाही. छताची आहे. हो, मी दालन बंद केलंय. केलंय म्हणजे, झालंय. दारात माणूस बसलाय.

वडील: सांगा, खिडकीकडच्या तुळईचं टोक कुजलंय. आज नाही, अकरा वर्षांपूर्वीपासून. दारं उतरवायला कुणाला आत पाठवू नका म्हणावं. आधी खालून टेकू लावा.

बाई: टेकू लावायचाय म्हणतात. अकरा वर्षांपासून कुजलंय म्हणतात. साहेब म्हणतायत, तेव्हा सगळी तपासणी झाली होती, असं काही असतं तर कारागिरानं सांगितलं नसतं का.

वडील: सांगायला हवं होतं म्हणावं.

मुलगी: थांबवलं हो बाबा सगळ्यांना. बाहेर गवतावर बसवलंय, इमारतीपासून लांब. शाळेच्या बाईंना नीट सांगितलं. चिमी मात्र ऐकेना, तेवढी पाटी दाखवू द्या म्हणाली. नावं पाठ आहेत तिला, लांबूनच म्हणून दाखवतेय सगळ्यांना.

वडील: माझं नाव?

मुलगी: हो. मोठ्यांदा. इथपर्यंत ऐकू येतंय, बघा.

वडील: येतंय.

बाई: काका, साहेब विचारतायत, हे सांगणारा कोण? त्यांना लिहून घ्यायचंय. मी म्हटलं, छत ज्यांनी केलं तेच आहेत. तर म्हणाले, नाव सांगा.

मुलगी: बाबा, मी बोलू का त्यांच्याशी?

वडील: नको. बाई, त्यांना म्हणावं, बाहेर पाटीवर आहे. वरून तिसरं.