राणीची स्वविकासाची वही

तुम्ही कधी आपल्या मनातलं खरंखुरं वहीत लिहून त्याच्यावर सरांची लाल सही मागितली आहे का? नाही ना? शहाण्या आहात. आमच्या गोरेगावच्या शाळेतल्या राणीनं मागितली. आता दहावीला स्वविकासाची वही असते हे तुम्हाला ठाऊकच असेल, आणि ती कुणी स्वतः लिहीत नाही हेही ठाऊक असेल. एकानं लिहायची, वर्गानं उतरवायची, सरांनी पहिलं पान बघून श्रेणी द्यायची, असं वर्षानुवर्षं सुरळीत चाललेलं. पण यंदा भीमसिंग राठोड सरांना काय वाटलं कोण जाणे, फळ्यापाशी उभं राहून म्हणाले, "पोरांनो, मनातलं लिहा." झालं! चौतीस पोरांच्यात खरं मानणारी एकच निघाली.

आणि हिच्या मनात काय होतं म्हणता? तर सेनगावचं विज्ञान प्रदर्शन. छतावरचं पाणी साठवायची प्रतिकृती हिनं आणि हिच्या मैत्रिणीनं, उझ्मानं, मिळून केलेली. उझ्माचे अब्बा महेबूबभाई पत्र्याचं काम करतात, त्यांच्याकडून तेलाचा डबा कापून आणलेला, छत वाकवताना उझ्माचं बोट चिरलेलं, पट्टी बांधून पोरगी प्रदर्शनात उभी. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, कुणी केलं हे? आणि राणीच्या तोंडून निघून गेलं, "मी." एक अक्षर हो... पण प्रमाणपत्रावर एकच नाव आलं, आणि त्या दिवसापासून उझ्मा शाळेला येता-जाताना जीपमध्ये राणीजवळ न बसता पुढच्या शिटावर बसायला लागली.

ते सगळं राणीनं लिहिलं. 'माझ्यातल्या त्रुटी' या मथळ्याखाली, पाच पानं! रोज थोडं थोडं, तारीख घालून. वेणी घालून घेताना मी आईला तोंड दाखवत नाही, हेसुद्धा लिहिलं. मनातलं लिहा म्हणाले ना सर.

आता ऐका. वही द्यायच्या आधीचे दोन दिवस राणी मावशीच्या घरी बारशाला पुसेगावला. इकडं वर्गातली यास्मीन घरी आली, आजीला म्हणाली, राणीची वही द्या. जनकाबाईंना काय, नातीची वही दरसाली सगळा वर्ग मागतो, याचाच त्यांना मोठा अभिमान. वही दिली, वर मूठभर फुटाणे दिले. राणी परत आल्यावर म्हणतात कशा, "समदे तुहीच वही मागून राहिले, मंग न्हाई कसं म्हनावं?" तोवर यास्मीनची वही पाहून चौघींनी, चौघींची पाहून पोरांनी... आणि उतरवणारं माणूस वाचत असतं का? हात चालतो, डोकं घरी असतं!

तर तुम्हाला सांगते, बुधवारी सरांच्या टेबलावर चौतीस वह्या, आणि त्यातल्या तेहतिसांत तोच पश्चात्ताप, त्याच तारखा घालून! तेहतीस जणांनी सेनगावला जाऊन मैत्रिणीला फसवलेलं. सरांनी चष्मा पुसला, दोन-चार वह्या चाळल्या, आणि आधी रत्नपालला उभं केलं. तुझी वेणी कोण घालतं रे, म्हणाले. रत्नपालनं डोक्यावरून हात फिरवला. परवाच बारीक कापून आलेला. वर्ग हसला. मग सरांनी विचारलं, कोणतं गाईड आहे हे, लिहिणाऱ्यानं मन लावून लिहिलंय. राणी? एकदा 'मी' म्हणून बसली होती ना, तेव्हा आता म्हणायचं होतं ते म्हणता आलं नाही... आणि मनातलं लिहा म्हणाले होते सर, बोला थोडंच म्हणाले होते?

सरांनी सगळ्यांना 'अ' दिला. एक वही तेवढी बाजूला काढली. उझ्माची.

तिच्यापर्यंत ती पानं सहाव्या-सातव्या हातानं पोचलेली, मूळ वही कुणाची हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिनंही खाली मान घालून उतरवत आणलं होतं, पत्र्याचं छत, चिरलेलं बोट, बाईंचा प्रश्न, 'मी'... आणि पुढं दोनच शब्द. 'माझी मैत्रीण'. खाली पान कोरं.

सर वही वर धरून म्हणाले, "माझी मैत्रीण, पुढं काय? पळून गेली का मैत्रीण?"

वर्ग पुन्हा हसला. उझ्मा उभी राहिली. राणीकडं बघितलं नाही तिनं, खिडकीकडंही नाही, सरांकडंच बघितलं.

"पुढचं लिहू वाटलं न्हाई, सर."

सरांनी लाल पेनानं 'अपूर्ण' लिहिलं आणि 'क' दिला. म्हणजे बघा, बोट हिचं चिरलं, डबा हिच्या बापानं कापला, नाव दुसरीचं लागलं, आणि त्या दुसरीचा पश्चात्ताप नीट उतरवला नाही म्हणून श्रेणीही हिचीच गेली! राणीच्या वहीवर मात्र 'अ', आणि खाली 'सुंदर अक्षर'. मनातलं लिहा म्हणे... अक्षर बघायचं होतं तर तसं सांगायचं!

घरी आल्यावर राणी जेवली नाही. आजीनं विचारलं, काहून गं, पोट दुखून राहिलं का? ती व्हय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाल्यावर राणीनं साऱ्या वर्गासमोर सांगितलं की प्रतिकृती दोघींची होती. सर म्हणाले, बरं, पण प्रमाणपत्र आता छापून आलंय. आणि उझ्मा राणीचा बाक सोडून यास्मीनच्या बाकावर बसली होती, ती तिथंच बसून राहिली.